बांधावरची काळी बाहुली आणि रोमचा क्रेसिमस

फेब्रुवारीत आमची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, निसवायला लागली तसं आप्पांनी रस्त्याकडच्या पहिल्या केळीला एक काळी बाहुली बांधली आणि तिच्याखाली माझा कॉलेजातला फाटका बूट उलटा टांगला. मी विचारलं हे काय आता, तर म्हणे, "रस्तावरनी बाग शे, येणारा-जाणारा दखतस." बस. विषय संपला. आप्पांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, ते वाद घालतच नाहीत, ते सरळ पुढच्या ओळीत पाणी बघायला निघून जातात.

पण बाहुलीचं खरं कारण येणारा-जाणारा नव्हता हे मला पण माहिती होतं आणि त्यांना पण. मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या बागेत सीएमव्ही हा केळीचा व्हायरस आला, कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे पडले आणि बघता बघता निम्मी बाग उपटून फेकायची वेळ आली. आमच्याकडे पण आला होता पण थोडक्यात निभावलं. आणि मग गावात सुरू झालं, की बांध एकच, पाणी एकच, रोपं एकाच नर्सरीतली, मग याचीच बाग कशी वाचली? काहीतरी केलेलं आहे. शेजाऱ्यांना त्यांच्या बांधाला हळद-कुंकू लावलेलं, टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं म्हणे. तेव्हापासून ते आप्पांशी बोलत नाहीत. चाळीस वर्षं एकमेकांच्या विहिरीवरून पाणी घेतलेली माणसं, आता रस्त्यात समोर आले की मोबाईल काढून बघतात.

तर हे सगळं डोक्यात असताना मी रोमन लोकांच्या नादाला लागलो, ते पण रात्रीच्या लाईटमुळे. ज्यांच्याकडे शेती आहे त्यांना सांगायला नको, एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्री थ्री फेज आली की मोटर चालू करा आणि बसून रहा, कारण मधेच लाईट जाते, ऑटोस्विच असला तरी ठिबकची नळी कुठे निघाली ते काही ऑटोस्विच बघत नाही. मी आपला बाजेवर पडून फोन चाळायचो. तिथे कधीतरी थोरला प्लिनी सापडला. प्लिनी दोन आहेत, मामा आणि भाचा, हा मामा. यानं नॅचरल हिस्टरी नावाचा ३७ खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यात हत्तीपासून कांद्यापर्यंत सगळं आहे, आणि इसवी सन ७९ मधे व्हेसुव्हियस फुटला तेव्हा जहाजं घेऊन लोकांना काढायला गेला तो तिथेच मेला. इंग्रजी भाषांतर फुकट मिळतं. त्याचा २८ वा खंड मी वाचायला घेतला आणि दहाव्या मिनिटाला उठून बसलो, कारण तो माझ्या आजीबद्दल लिहीत होता.

म्हणजे बघा, प्लिनी सांगतो की कोणी जेवणावरून उठून निघाला की लगेच तिथे झाडू मारणं फार अशुभ मानतात. आमच्याकडे पाहुणा दाराबाहेर पडला की झाडू हातात घेतलेल्या सुनेला आजीनं काय काय ऐकवलंय ते मी ऐकलेलं आहे. प्लिनी म्हणतो की कानात आवाज आला तर दूर कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असं लोक समजतात. आपल्याकडे कानाऐवजी उचकी, एवढाच फरक. जेवताना आगीचं नाव निघालं तर टेबलाखाली पाणी ओतायचे. शिंक आली की समोरच्यानं बरं-असो म्हणायचं, आणि तिबेरियस बादशहा, जो माणसांमधला सगळ्यात उदास माणूस म्हणून प्रसिद्ध होता, तो सुद्धा गाडीतून जाताना शिंकला तरी बाजूच्यांनी ते म्हटलंच पाहिजे असा आग्रह धरायचा म्हणे. नखं बाजाराच्या दिवशी कापायची, गप्प राहून कापायची आणि तर्जनीपासून सुरुवात करायची, पैशाच्या दृष्टीनं ते बरं असतं. आजीचा शनिवारी नखं कापायला विरोध होता, तर्जनीचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

प्लिनीची एक गंमत आहे, तो हे सगळं सांगतो, मधेच जादूटोणावाल्यांना शिव्या घालतो, मग परत सांगतो. त्याला धड विश्वास पण ठेवता येत नाही आणि धड टाकता पण येत नाही. मला हा माणूस लई आवडला. रोममधल्या कॅपिटोल टेकडीवरच्या देवळात एकदा घुबड शिरलं, अगदी गाभाऱ्यात, तर अख्ख्या रोम शहराची शुद्धी करावी लागली. हे सांगून झाल्यावर तो म्हणतो की तसं मला माहिती आहे, बऱ्याच लोकांच्या घरांवर घुबड बसलंय आणि काही झालं नाही. आमच्या गावात हे बोलायला कोणी तयार नाही. आमच्या चिंचेवर पिंगळ्याची जोडी वर्षानुवर्षं राहते, रोज संध्याकाळी ओरडते, आणि रोज काही कोणी मरत नाही, पण ज्या दिवशी मरतं त्या दिवशी सगळ्यांना आठवतं की काल पिंगळा ओरडला होता.

आता नजर. रोमन लोकांना नजरेची जी धास्ती होती ती वाचून मला वाटलं की आप्पा तिथे आरामात राहिले असते. लहान मुलाच्या गळ्यात बुल्ला घालायचे, म्हणजे छोटी गोल डबी, श्रीमंताच्या पोराची सोन्याची, गरिबाच्या पोराची चामड्याची, आत काहीतरी संरक्षणाचं भरलेलं. पोरगा मोठा झाला, बापईमाणसाचा टोगा नेसला की ती काढून घरच्या देवांपुढे ठेवायची. मुलींना चंद्रकोरीचं लॉकेट. माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बिबा होता, तो तिसरीत असताना तापीत पोहताना सुटून वाहून गेला आणि आजी आठवडाभर माझ्याकडे असं बघत होती की जसं काही मी आजारी पडायचाच बाकी आहे.

आणि दुसरं एक होतं ते सांगायला जरा अवघड आहे पण सांगतो. रोमन लोकांचा नजरेवरचा सगळ्यात पावरफुल इलाज म्हणजे पुरुषाचं लिंग. खरंच. काशाचं, हाडाचं, पंख असलेलं, घंट्या लटकवलेलं, दुकानात टांगलेलं, रस्त्याच्या दगडात कोरलेलं. व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात ढिगानं सापडलंय. त्याला फॅसिनस म्हणायचे. प्लिनी म्हणतो की हा फॅसिनस बाळांचं रक्षण करतो आणि सेनापतींचं पण, विजयाची मिरवणूक निघायची तेव्हा सेनापतीच्या रथाखाली हा टांगलेला असायचा, कारण त्या दिवशी अख्खं शहर त्याच्याकडे बघतंय, आणि जितके डोळे तितकी नजर. म्हणजे नवीन ट्रॅक्टर शोरूममधून गावात आणताना मागे चप्पल बांधतो ना आपण, तेच. तत्त्व पण तेच असावं, बघणाऱ्याचं पहिलं लक्ष त्या वेड्यावाकड्या वस्तूवर जाऊ दे, मालावर नको. हे मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं आप्पा रोमचे नाहीत, नाहीतर रस्त्यावरच्या पहिल्या केळीला काय टांगलं असतं.

अंतिओक या जुन्या रोमन शहरात एका घरात फरशीवर एक मोझॅक, म्हणजे रंगीत खड्यांचं चित्र, सापडलंय, त्याचा फोटो नक्की शोधून बघा. मधे एक मोठा डोळा, आणि त्या डोळ्यावर सगळे तुटून पडलेत, साप, विंचू, कुत्रा, गोम, पक्षी, वर तलवार आणि त्रिशूळ खुपसलेला. घराच्या मालकाला कोणाची किती भीती असेल विचार करा. भुताचं चित्र नाही, राक्षसाचं नाही, डोळ्याचं.

भुतांचं म्हणाल तर त्यात ते आपल्यापेक्षा शिस्तीचे. फेब्रुवारीत १३ ते २१ तारीख पितरांचे दिवस, पॅरेंटालिया. देवळं बंद, लग्नं बंद, लोक गावाबाहेर थडग्यांवर जायचे. कवी ओव्हिड म्हणतो की पितरांना फार लागत नाही, थोडं धान्य, चिमूटभर मीठ, वाईनमधे भिजवलेली पोळी म्हणा भाकर म्हणा आणि सुटी फुलं, झालं. एका वर्षी लढायांच्या गडबडीत लोकांनी हे करायचं टाळलं तर पितर थडग्यांमधून बाहेर आले आणि रात्रभर रस्त्यांवर, शेतांमधे रडत ओरडत फिरले अशी दंतकथा तोच सांगतो.

आणि मग मे महिना. ९, ११ आणि १३ मे, लेमूरिया. हे मी वाचलं तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर होती, म्हणून जास्त लागलं असेल मनाला. मध्यरात्री घरातला कर्ता माणूस एकटा उठतो. अनवाणी. अंगावर कुठे गाठ नको. बोटांमधे अंगठा घालून मूठ करतो म्हणजे अंधारात सावली समोर येणार नाही. हात धुतो. मग काळ्या शेंगादाण्यांसारखे काळे घेवडे, बीन्स म्हणतात ते, हातात घेऊन तोंड फिरवून मागे फेकत चालतो आणि म्हणतो की हे मी देतोय, यांनी मी स्वतःला आणि माझ्या लोकांना सोडवतोय. नऊ वेळा. मागे वळून बघायचं नाही. कारण मागून ते येतायत आणि एकेक दाणा वेचतायत. मग परत हात धुवायचे, काशाचं भांडं वाजवायचं आणि नऊ वेळा म्हणायचं, बापजाद्यांनो, आता निघा. मग वळून बघता येतं.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना माझ्या धाकट्या बहिणीवरून आजीनं उतारा काढला होता. भाकरीचा तुकडा, मीठ, मोहरी, लाल मिरच्या, एका जुन्या पत्रावळीत. अंधार पडल्यावर मला घेऊन ती गावाबाहेर तीन रस्त्यांवर गेली, मला कंदील धरायला घेतलं होतं. पत्रावळ ठेवली, माझा हात धरला आणि म्हणाली, "मांगे वळीसन देखू नको." आजीचा हात घामानं ओला होता, हे मला आजपण आठवतं, कारण तोपर्यंत मला वाटायचं की आजी कोणालाच भीत नाही. घराच्या दारात आल्यावर आईनं पायावर पाणी ओतलं तेव्हा कुठे आम्ही बोललो. ओव्हिडच्या त्या ओळी वाचताना मला तो ओला हात आठवला, बाकी काही नाही.

आमची आखाजी मात्र रडकी नसते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, बापे झाडाखाली पत्ते कुटतात आणि दोन-चार जण त्यात पैसे घालवून बायकोच्या शिव्या खातात. पण सकाळी आधी पितरांची घागर. कुंभाराकडची कोरी घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकायची. तूप पडलं की धूर होतो, त्या धुराकडे आप्पा हात जोडून बघत बसतात, जोपर्यंत तो सरळ वर जात नाही तोपर्यंत कोणाला जेवायला मिळत नाही. रोमन लोक पितरांना बीन्स देऊन घराबाहेर काढायचे, आपण पुरण घालून बोलावतो, असं मी आधी लिहिणार होतो, पण ते खरं नाही, त्यांनी पण फेब्रुवारीत बोलावलेलंच होतं. जेवायला बोलवायचं आणि मग वेळेवर निघा म्हणायचं, दोन्ही पाहिजे. पाहुण्यांचं पण तसंच असतं.

हां, आणि या लेमूरियामुळे मे महिन्यात लग्न करणं रोममधे वाईट समजायचे. मे महिन्यात! आमच्या खान्देशात मे मधली लग्नं बंद केली तर आचारी, मंडपवाले, बँडवाले सगळे मोर्चा घेऊन कलेक्टर ऑफिसला जातील.

सरकारी पातळीवर तर विचारूच नका. युद्धाला निघायच्या आधी पवित्र कोंबड्यांना दाणे टाकायचे, त्यांनी अधाशीपणे खाल्ले, चोचीतून दाणे जमिनीवर पडले की शकुन चांगला. त्यासाठी पगारी माणूस. इ.स.पू. २४९ मधे पब्लियस क्लॉडियस नावाच्या सेनापतीला सिसिलीजवळ लढायची घाई झालेली, कोंबड्या खाईनात, तर हा म्हणाला खात नाहीत तर पिऊ देत, आणि दिल्या समुद्रात फेकून. ९३ जहाजं गमावली त्यानं. परत गेल्यावर केस झाली, दंड झाला. आता बिचाऱ्या कोंबड्या बोटीवर लागल्यामुळे खात नसतील हे कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही हा माझा प्रश्न आहे. रोमचा जुना पुढारी म्हातारा केटो म्हणायचा की एक शकुन बघणारा दुसऱ्या शकुन बघणाऱ्याला रस्त्यात भेटल्यावर हसू कसं दाबतो याचंच नवल वाटतं. पण हाच केटो शेतीच्या पुस्तकात निखळलेलं हाड बसवायचा मंत्र देतो, ज्यातल्या शब्दांना काही अर्थच नाही, आपल्या विंचू उतरवायच्या मंत्रासारखं. आणि हा विनोद आपल्यापर्यंत पोचवला रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरोनं, ज्यानं शकुनांची चिरफाड करणारं अख्खं पुस्तक लिहिलं आणि जो स्वतः सरकारी शकुन-अधिकारी होता. निवडणुकीचा फॉर्म भरायला अमुक वाजून तमुक मिनिटांचा मुहूर्त काढणारे आपले नेते याच खानदानातले.

ऑगस्टस बादशहा विजेला इतका घाबरायचा की सील या समुद्री प्राण्याचं कातडं कायम जवळ ठेवायचा, आणि सकाळी डावा-उजवा बूट चुकला की दिवस वाया. असो, बादशहांना फावला वेळ असतो.

शेतकऱ्यांकडे येतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेका सांगतो की ग्रीसमधल्या क्लिओनी गावात गारांवर लक्ष ठेवायला सरकारी माणसं नेमलेली असायची. गारा येतायत असं त्यांनी सांगितलं की लोक पळत जाऊन कोकरू कापायचे, नाहीतर कोंबडं, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो टोकदार लेखणीनं स्वतःचं बोट टोचून थेंबभर रक्त द्यायचा, आणि ढग दुसरीकडे वळायचे म्हणे. आणि द्राक्षाचे वेल झोडपले गेलेच तर त्या गारावाल्यांवर केस व्हायची की तुम्ही लक्ष दिलं नाही! सेनेकानं याची टिंगल केलीय. मला नाही हसता आलं. एप्रिलमधे वादळ येऊन अर्ध्या तासात कापणीला आलेली बाग आडवी झालेली मी बघितलीय, घड लागलेलं खोड पडताना पाण्यानं भरलेली गोणी पडल्यासारखा आवाज येतो, आणि तसे शेकडो आवाज एकामागे एक. त्या वेळी कोणी बोट टोच म्हणालं असतं तर टोचलं असतं.

रोमच्या सगळ्यात जुन्या कायद्यात, बारा पाट्यांवर लिहिलेल्या, इ.स.पू. ४५० च्या आसपासच्या, एक कलम असं की मंत्र म्हणून दुसऱ्याचं पीक ओढून घेणाऱ्याला शिक्षा. म्हणजे शेजाऱ्याचं धान्य मंत्रानं आपल्या शेतात आणता येतं हे कायद्यानं मान्य.

आणि टाचण्या टोचलेलं लिंबू त्यांच्याकडे पण होतं, फक्त शिशाचं. शिशाच्या पातळ पत्र्यावर शत्रूचं नाव आणि शाप लिहायचा, घडी घालायची, बऱ्याचदा खिळा मारायचा आणि विहिरीत, थडग्यात किंवा झऱ्यात टाकायचा. इंग्लंडात बाथ गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यातून असे १३० च्या आसपास पत्रे निघालेत. बहुतेक चोरीचे. कोणाचा झगा गेला, कोणाची अंघोळीची कापडं गेली. डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले तर तो देवीला सांगतो की चोराची बुद्धी आणि डोळे दोन्ही जाऊ देत. हातमोज्यासाठी डोळे! आणि मोठ्या लोकांमधे म्हणाल तर इसवी सन १९ मधे तिबेरियस बादशहाचा पुतण्या, सेनापती जर्मनिकस आजारी पडून मेला तेव्हा त्याच्या घराच्या फरशीखाली आणि भिंतींमधून माणसाची हाडं, मंत्र आणि त्याचं नाव कोरलेले शिशाचे पत्रे निघाले असं इतिहासकार टॅसिटस लिहितो.

हे वाचताना रात्रीचे दोन-अडीच वाजलेले असायचे. केळीच्या बागेत रात्री बसलेल्या माणसालाच कळेल, वाळलेली पानं खोडाला घासतात ना, त्याचा आवाज डिट्टो माणूस चालल्यासारखा येतो, थांबतो, परत चालतो. त्यात एकदा मी पेट्रोनियस या रोमन लेखकाची लांडग्याची गोष्ट वाचत बसलो, चांदण्या रात्री एक शिपाई थडग्यांपाशी कपडे काढतो, कपड्यांभोवती मुततो आणि लांडगा होऊन जंगलात पळतो. मित्र कपडे उचलायला जातो तर त्यांचा दगड झालेला. इकडे लांडगा एका शेतावर मेंढरांवर पडतो, गडी त्याच्या मानेत भाला खुपसतो, आणि घरी येऊन बघतात तर शिपाई खाटेवर आणि डॉक्टर त्याच्या मानेला पट्टी करतोय. तेवढ्यात लाईट गेली. मोटर बंद झाल्यावर जी शांतता होते ती मोटरपेक्षा मोठी असते. मी बी.कॉम. झालेला माणूस, मोबाईलचा टॉर्च लावून बाजेवर पाय वर घेऊन बसलो, आणि मला कोणाची भीती वाटली सांगू? बिबट्याची वाटायला पाहिजे, आमच्या भागात आहेत. पण मला वाटलं की पलीकडच्या बांधावरून शेजारचे काका बघतायत. नुसते उभे राहून बघतायत. तसं काही नव्हतं अर्थात.

आणि त्याच आठवड्यात क्रेसिमस सापडला. प्लिनीच्याच १८ व्या खंडात, तो शेतीचा खंड. गायस फ्युरियस क्रेसिमस. आधी गुलाम होता, मालकानं सोडलेला. याचं शेत लहानसं, पण शेजारच्या मोठमोठ्या शेतांपेक्षा याला उत्पन्न कितीतरी जास्त. शेजारी जळायला लागले. मग बोलायला लागले की हा मंत्र मारून आमचं पीक ओढून घेतो. प्रकरण वाढत वाढत थेट खटल्यापर्यंत गेलं, रोमच्या भर चौकात, लोकांच्या मतावर निकाल. घाबरला. घाबरणारच, बहुमत कोणाचं असणार? तर त्या दिवशी त्यानं काय केलं, आपली सगळी शेती उचलून चौकात आणली. धडधाकट, नीट खाल्लेले-प्यालेले, अंगावर चांगले कपडे असलेले गडी. उत्तम घडवलेली लोखंडी अवजारं, जड कुदळी, वजनदार फाळ. पोट भरलेले बैल. आणि म्हणाला, लोकहो, हा माझा जादूटोणा. आणि माझी रात्रीची कामं, जागरणं आणि घाम, ते काही मला इथे चौकात आणून दाखवता येत नाही.

सगळ्यांनी एकमतानं सोडलं त्याला.

मी हे तीनदा वाचलं. रात्री अडीच वाजता, ठिबकच्या नळीजवळ बसून, जागरणं दाखवता येत नाहीत म्हणणारा माणूस. (हे गडी म्हणजे गुलामच होते हे पण खरं, स्वतः गुलामीतून सुटला आणि गुलाम ठेवले, तो काही संत नव्हता.) मागच्या पावसाळ्यात आप्पा काय करत होते ते मी बघितलेलं आहे. रोज सकाळी उजाडताच बागेत, एकेक ओळ, एकेक रोप, पिवळा पट्टा दिसला की रोप मुळासकट उपटून पोत्यात, आणि पोतं बागेबाहेर खड्ड्यात. मावा हा किडा वाढू नये म्हणून बांधावरचं तण काढलं, मधे काकडीवर्गातलं काही लावू दिलं नाही. व्हायरस मावा पसरवतो, बांध ओळखून थांबत नाही. शेजारच्या काकांकडे तेव्हा घरात दवाखाना चालू होता, जळगावला येणं-जाणं, बागेत पंधरा दिवस कोणाचा पाय नाही. त्यात त्यांची चूक नाही. पण लिंबू सापडणं सोपं असतं.

आणि आपल्याला क्रेसिमससारखा चौक पण मिळत नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या, गावातून काढल्याच्या बातम्या पेपरात अजून येतात, बऱ्याचदा एकटी बाई असते, कधी नावावर थोडी जमीन असते, आणि तिला कोणी बैल-नांगर घेऊन ये आणि दाखव म्हणत नाही. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा चांगलाच आहे. आम्ही खालच्या गावातले लोक अशी बातमी वाचून मान हलवतो, अरेरे, अडाणी लोक. आणि संध्याकाळी पारावर बसून याचीच बाग कशी वाचली यावर चर्चा करतो.

प्लिनी ती गोष्ट संपवताना एक वाक्य टाकतो, की म्हणूनच जुनी माणसं म्हणायची, शेतात सगळ्यात सुपीक काय, तर मालकाचा डोळा. डोळा! रोमन लोकांनी ज्याच्यावर साप-विंचू सोडले तोच डोळा, इथे खत म्हणून. मी बांधावरच्या बाहुलीकडे बघितलं, तिला आप्पांनी पांढऱ्या खडूनं दोन मोठे डोळे काढलेत.

आखाजीच्या दुपारी, आमरस जास्त झाल्यामुळे सगळे आडवे झालेले, तेव्हा मी आप्पांना क्रेसिमसची गोष्ट सांगितली. अहिराणीतच सांगितली, क्रेसिमसला किसन केला. ते डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले. बैल चौकात आणले त्या ठिकाणी हसले. एकमतानं सोडलं म्हटल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "मंग शेजारना त्यानासंगे बोलाले लागनात का?"

ते प्लिनीनं लिहिलेलं नाही. मी तसं सांगितलं. आप्पा कुशीवर वळले.

जूनच्या आधी कापणी झाली, आता त्याच केळीच्या पिलांवर पुढची बाग, म्हणजे पिलबाग, धरायची. पहिला घड त्या रस्त्याकडच्या केळीचाच उतरवला. बूट पार वाळून वाकडा झालेला, तो मी फेकून दिला. बाहुली पण फेकणार होतो तर आप्पांनी हातातून घेतली, धूळ झटकली आणि बंडीच्या खिशात घातली. "ऱ्हाऊ दे," म्हणे, "पिलबागले लागी."